‘मूल जेवत नाही’ : बाटलीआधीची चिकित्सा

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “डॉक्टर, हा काही खातच नाही हो. भूक वाढायचं काहीतरी द्या.” वाक्य पुरे होण्यापूर्वीच आपला हात औषधपत्राकडे वळलेला असतो. एखादे दीपन-पाचन चूर्ण, एखादे आसव वा मधुर कल्प लिहून दिला की आईचे समाधान होते, औषधी दुकानदाराची एक बाटली खपते आणि महिना-दीड महिन्याने तीच आई तीच तक्रार घेऊन परत येते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले.

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात साडेचार वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याची आई व आजी आल्या. आईने पिशवीतून चार बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. चारही अर्ध्यावर सोडलेल्या. त्यांतील एक माझ्याच औषधपत्रावर वर्षभरापूर्वी घेतलेली होती. बोलता बोलता आजींनी डब्यातील पोळीचा तुकडा नातवापुढे केला, तोच मुलाने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून घेतले. भूक नसलेले मूल मान फिरवते एवढे मला ठाऊक होते. पण या मुलाच्या डोळ्यांत भीती दिसली. चार बाटल्यांपैकी एकही या भीतीवरची नव्हती. त्या दिवसापासून या तक्रारीकडे मी ज्या रीतीने पाहू लागलो, ती रीत वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधी दुकानदारांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तक्रार कितपत खरी?

प्रथम वाढीचा हिशेब मनाशी पक्का असावा. जन्मतः सुमारे ३ किलो असलेले बालक वर्षअखेर साधारण तिप्पट, म्हणजे ९ किलोच्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षी हीच वाढ २ ते २.५ किलोंवर येते आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत वर्षाला सुमारे २ किलो एवढीच राहते. वाढीचा वेग उतरला की शरीराची मागणीही त्या मानाने उतरते. पहिल्या वर्षीची भूक ज्या आईच्या लक्षात आहे, तिला दीड-दोन वर्षांचे मूल ‘एकाएकी जेवेनासे’ झाल्यासारखे वाटते. वजन व उंची वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने सरकत असतील, मूल खेळत असेल, तर अशा बालकास भूक वाढविणारे औषध देण्याचे कारण उरत नाही. तक्ता आईसमोर उघडून त्यावर बोट ठेवून दाखवावे. निम्म्या घरांची चिंता तेथेच हलकी होते.

दुसरा हिशेब तोंडात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा. ‘काहीच खात नाही’ असे सांगितले जाणारे मूल सकाळी, दुपारी व रात्री एकेक पेला दूध, मध्ये दोन वेळा बिस्किटे आणि संध्याकाळी एक कुरकुऱ्यांचे पाकीट घेत असते. २०२० च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाची ऊर्जेची दैनंदिन गरज सुमारे १११० किलोकॅलरी व चार ते सहा वर्षांच्या बालकाची सुमारे १३६० किलोकॅलरी धरली जाते. म्हशीच्या ६०० मिलि दुधातून ६०० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा मिळते, साखर वेगळी. म्हणजे लहान बालकाची निम्मी गरज ताटावर बसण्यापूर्वीच भागलेली असते. आपल्या परिभाषेत यास अध्यशन म्हणतात. पूर्वीचा आहार पचण्यापूर्वी पुन्हा घेतलेला आहार, तोही गुरु व मधुर, आणि वय कफप्रधान. येथे अग्नी मंद नाही. त्याला मोकळा वेळच मिळालेला नाही. सुश्रुताचार्यांनी दोन वर्षांनंतर बालकास अन्नाद म्हटले आहे. आपण मात्र चार वर्षांच्या मुलास क्षीरान्नाद अवस्थेतच ठेवतो आणि तो अन्न घेत नाही म्हणून तक्रार करतो.

तीन शब्दांतील भेद

अरोचक, भक्तद्वेष व अभक्तच्छंद हे शब्द व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. माधवनिदानाच्या टीकापरंपरेत त्यांचा भेद स्पष्ट केलेला आहे व बालकांच्या बाबतीत तो अत्यंत उपयुक्त आहे. अन्न मुखात घेतले असता त्याची गोडी कळत नाही, तो अरोचक. अन्नाचा विचार, दर्शन वा स्पर्श होताच मनात द्वेष उत्पन्न होतो, तो भक्तद्वेष. क्रोध, भय इत्यादींनी ग्रासलेल्या व्यक्तीस अन्नाची इच्छाच राहत नाही, तो अभक्तच्छंद.

ज्वर, कास, प्रतिश्याय वा कृमी यांमुळे ज्याची चव गेली आहे त्या बालकास अरोचक आहे. त्यास औषध हवे. बहिणीला गोवर आला म्हणून घाबरलेले, शाळेत नव्याने घातलेले, घरात नवे बाळ आलेले मूल अभक्तच्छंदात मोडते. त्यास जवळ घेणारे माणूस हवे. ताट दिसताच तोंड झाकणारे मूल भक्तद्वेषाचे. हा द्वेष बहुधा घरातच, जेवणाच्या पाटावरच शिकविला गेलेला असतो. मानस कारणाने झालेल्या अरोचकावर शास्त्राने हर्षण व आश्वासन ही चिकित्सा सांगितली आहे. ती बाटलीत भरून देता येत नाही. पण कृतीत उतरविता येते, आणि पुढे सांगितलेले उपक्रम हे त्या हर्षणाचेच घरगुती रूप आहे.

या तिन्हींखेरीज चौथा गट आहे, तो वयसुलभ नावडनिवडीचा. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात अनोळखी अन्नाविषयी बालकास स्वाभाविक संशय असतो. रांगणारे मूल चालू लागले, दृष्टीआड जाऊ लागले, की दिसेल ते तोंडात न घालण्याची ही वृत्ती त्याचे रक्षण करते. तिला रोग समजू नये.

उपक्रमापूर्वी वगळावयाच्या गोष्टी

नावडनिवड म्हणून सोडून दिलेले मूल प्रत्यक्षात पांडुरोगी असणे ही आपल्याकडील सर्वांत मोठी चूक ठरू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी देशात ६७.१ टक्के व महाराष्ट्रात ६८.९ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. रक्ताल्पतेने भूक मंदावते, मंद भुकेने लोह आणखी कमी मिळते आणि वर दुधाचे प्रमाण जास्त असेल तर हे चक्र घट्ट होते. कारण दुधात लोह अत्यल्प असते. म्हणून डोळ्यांची आतील कड, नखे व जीभ पाहावी आणि शंका येताच हिमोग्लोबिन करून घ्यावे. माती, खडू, भिंतीचा चुना खाण्याची सवय विचारावी. मृद्भक्षणजन्य पांडू आपल्या ग्रंथांत विनाकारण वर्णिलेला नाही. जंतनाशकाची मात्रा केव्हा दिली हे विचारावे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जात असल्याने अंगणवाडीत वा शाळेत ती मिळालेली असण्याचा संभव असतो. विबंध, किडलेले दात व वाढलेल्या गलग्रंथी या तीन गोष्टी तर पाहिल्याविना बालक सोडूच नये.

वजन घटत असेल वा तक्त्यावरील रेषा आडवी झाली असेल. गिळताना ठसका लागत असेल. वारंवार छर्दी, दीर्घ अतिसार, ज्वर वा कास असेल. मूल केवळ पातळ वा एकाच पोताचे पदार्थ घेत असेल, पूर्वी खात असलेले पदार्थही एकेक करून सोडीत असेल. अथवा खाण्याच्या तक्रारीबरोबर बोलणे उशिरा असेल, हाकेस प्रतिसाद नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. २०१३ पासून आधुनिक मानसरोग वर्गीकरणात अन्न टाळण्याच्या व सीमित खाण्याच्या विकारास स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा बालकास घरगुती उपक्रम पुरे पडत नाहीत.

भय, आमिष आणि पडदा

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे व खेळण्यांचे वर्णन येते. खेळणी रंगीबेरंगी, नाद करणारी, मनोरम असावीत. जड, टोकदार, तोंडात जाणारी व भय उत्पन्न करणारी नसावीत, असे आचार्य सांगतात. त्याला लागूनच आलेली सूचना आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. बालक रडत असता वा जेवत नसता त्यास राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन भिवविणे योग्य नाही. जेवत नसलेल्या बालकाचा येथे स्वतंत्र उल्लेख आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्या घरांतील बागुलबुवा, पोलीस आणि ‘डॉक्टर सुई टोचतील’ हे त्याच पूतनेचे वारस होत. शेवटच्या धमकीत तर आपणही सामील असतो.

आधुनिक निरीक्षणही याच दिशेस जाते. लीअ‍ॅन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या बालकांना सूप संपविण्याचा सतत आग्रह झाला त्यांनी ते कमी घेतले व त्याविषयी अधिक नापसंतीचे उद्गार काढले. आग्रह नसताना तेच अधिक घेतले गेले. आमिषाचेही तसेच. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा व चॉकलेट हे बक्षीस. पडद्यासमोर भरविण्याच्या प्रथेत घास पोटात जातात हे खरे. पण मुलास चव, गंध व तृप्ती यांची ओळख होत नाही. अन्नाकडे मन ठेवून जेवावे हा आहारविधीचा नियम तेथे पूर्णतः मोडतो.

ओकसात्म्य कसे घडते

रसविमानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांत शेवटचे आयतन उपयोक्ता होय आणि ओकसात्म्य त्याच्या अधीन असते. अभ्यासाने, पुनःपुन्हा उपयोगाने जे सात्म्य होते ते ओकसात्म्य. उपयोक्ता येथे मूल आहे. आई, आजी वा वैद्य नव्हे. एखादा नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी बालकास तो आठ ते पंधरा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा भेटावा लागतो, असे आधुनिक आहारशास्त्र सांगते. आपल्या घरांत तिसऱ्या नकारानंतर ‘त्याला दोडका आवडत नाही’ असा निकाल दिला जातो आणि दोडका त्याच्या आयुष्यातून जातो.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची जी विभागणी मांडली आहे ती पालकांना सांगण्यास सोपी आहे. काय, केव्हा व कोठे वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. खावे की नाही आणि किती खावे हे मुलाने ठरवावे. पण मुलाने ‘नको’ म्हटल्यावर मधल्या दहा-बारा भेटी घडवावयाच्या कशा? ताटात त्या घडल्या तर प्रत्येक वेळी लढाई होते. म्हणून त्या ताटाबाहेर, शिकण्याच्या निमित्ताने घडवाव्यात. बाजारात, अंगणात, ओट्याजवळ आणि वहीच्या पानावर मुलाने पदार्थास पाहावे, हात लावावा, हुंगावे, मोजावे, त्याचे नाव उच्चारावे. ही प्रत्येक गोष्ट एक भेटच असते.

उपक्रम

१. षड्रसांची ओळख. सहा वाट्या घ्याव्यात व दिवसाला एकच रस द्यावा. गूळ, चिंचेचे पाणी, सैंधव, सुंठीची किंचित पूड, भिजविलेला मेथीचा दाणा आणि हिरड्याचे थेंबभर पाणी. बोटाच्या टोकावर येईल एवढेच. मुलाने चव घेऊन चेहरा करावा व तो चेहरा वहीत काढावा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा शब्द चार वर्षांचे मूल आठवड्यात शिकते. त्यानंतर पोताचे शब्द द्यावेत : कुरकुरीत, मऊ, रवाळ, चिकट, गिळगिळीत, खमंग. याचा चिकित्सेस मोठा उपयोग होतो. ज्या मुलापाशी केवळ ‘नको’ हा एकच शब्द होता ते आता ‘भेंडी गिळगिळीत आहे’ असे सांगू लागते. तक्रार भेंडीची नसून तिच्या करणाची, म्हणजे संस्काराची आहे, हे कळताच आई ती परतून कुरकुरीत करू शकते.

२. बाजार. आठवडे बाजारात मुलाच्या हाती दहा रुपये देऊन एक भाजी त्याने निवडावी. नावे विचारावीत, रंगांनुसार गट पाडावेत, तराजूत पाव किलोत किती गाजरे बसतात ते मोजावे. निवडलेली भाजी कोणतीही असो, ती घरी शिजलीच पाहिजे. अन्यथा निवडीस अर्थ राहत नाही.

३. सोलणे व निवडणे. पौष-माघात मटार, नंतर मेथी, उन्हाळ्यात लसूण. तीन वर्षांच्या मुलाने पाने तोडावीत, चार वर्षांच्याने शेंगा सोलाव्यात. प्रत्येक शेंगेत किती दाणे निघाले त्याच्या रेघा वहीत ओढाव्यात व सर्वाधिक दाण्यांची शेंग कोणती ते शोधावे. गणन व बोटांचे कौशल्य दोन्ही साधते आणि हिरवा वास हाताला लागून राहतो.

४. मोड आणणे. मूठभर मटकी रात्री भिजवावी, सकाळी फडक्यात बांधावी, दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. दर सकाळी मुलाने एक दाणा काढून त्याचे चित्र काढावे. दोन-तीन दिवसांत मोड मोजपट्टीने मोजण्याइतका होतो. चौथ्या दिवशी उसळ. कच्चे मोड लहान बालकांस देऊ नयेत, शिजवूनच द्यावेत. जागा असल्यास परातीत मेथी पेरावी. तिची कोवळी पाने दोन-तीन आठवड्यांत खुडता येतात आणि स्वतः पेरलेल्या पानाविषयी मुलाचा संशय पुष्कळच कमी असतो.

५. कणकेचे आकार. पालकाच्या, बिटाच्या व हळदीच्या पाण्यात मळलेल्या तीन रंगांच्या कणकेतून मुलाने वर्तुळ, त्रिकोण, चौकोन करावेत. आपली घडीची पोळी भूमितीचा पहिला पाठच आहे. स्वतःच्या नावाचे आद्याक्षर वळून आईने ते तव्यावर भाजून द्यावे. हळदीच्या पाण्याच्या एका थेंबावर खाण्याचा सोडा टाकला की तो लाल होतो व लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. हा प्रयोग ताटलीत करून दाखवावा, मुलांना तो जादू वाटतो.

६. सणांचे निमित्त. भोगीच्या मिसळीच्या भाजीत किती भाज्या आहेत ते मोजणे, ऋषिपंचमीच्या भाजीतील पालेभाज्या ओळखणे, पाडव्याला कडुनिंबाच्या गोळीतील चवी शोधणे, हे आपल्या परंपरेने तयारच ठेवलेले पाठ आहेत. आजी-आजोबांना यात मानाचे स्थान मिळते व बागुलबुवाची गरज उरत नाही.

उपक्रमपत्र लिहिताना

मी आता उपक्रम तोंडी न सांगता औषधपत्रावर लिहून देतो, कारण लिहिलेले घरात पाळले जाते. मात्रा : पंधरा मिनिटे. काल : जेवणाची वेळ सोडून. आहारविधीनुसार जेवताना बोलणे-हसणे वर्ज्य आहे. खेळ ताटावर आणला की तो पुन्हा भरविण्याची युक्ती होऊन बसतो. कालावधी : सहा ते आठ आठवडे, आठवड्यास एकच पदार्थ.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे, की उपक्रमाचा हिशेब घासांत करू नये. एका सुशिक्षित आईने मोठ्या उत्साहाने सर्व उपक्रम केले; पण प्रत्येकाच्या शेवटी ‘आता एक खाऊन दाखव’ हे वाक्य आलेच. तिसऱ्या आठवड्यात मुलीने मटार सोलण्यासही नकार दिला. चूक माझीच होती. मी उपक्रम सांगितला, पथ्य सांगितले नव्हते. मुलाने पदार्थ चाटून थुंकला तरी ती प्रगती समजावी आणि त्याविषयी स्तुती वा निराशा काहीच दाखवू नये. वही मुलाची आहे. तिच्यात ‘आवडले नाही’ हे लिहिण्याचा त्यास पूर्ण अधिकार असावा.

सोबत दोन बदल करावेत. दूध, बिस्किटे व साखर एकदम बंद न करता पादांशिक क्रमाने, एकेका चतुर्थांशाने कमी करावीत. दोन आहारांत अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे व मध्ये केवळ पाणी द्यावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे व मटाराचे कच्चे दाणे लहान बालकांच्या घशात अडकण्याचा धोका असतो. चार वर्षांखालील मुलास ते देऊच नयेत; त्यानंतरही मूल बसलेले असावे व मोठ्यांची नजर त्याच्यावर असावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले

त्या मुलाचे वजन १५ किलो होते, तक्त्यावर किंचित खाली पण रेषेस धरून. हिमोग्लोबिन १०.१. दूध दिवसास तीन पेले. म्हणजे भक्तद्वेषाखाली पांडू दडला होता आणि आम्ही चौघांनी त्यावर चार मधुर बाटल्या दिल्या होत्या. बालरोगतज्ज्ञांच्या विचाराने लोहाची मात्रा व जंतनाशक दिले, दूध तीन आठवड्यांत निम्म्यावर आणले आणि घरात दोन गोष्टी बंद केल्या : भरविणे व भिवविणे. आजींना हे पटविणे अवघड जाईल असे वाटले होते. पण मटार सोलण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि नातू त्यांचा मदतनीस झाला.

अकराव्या दिवशी सोलता सोलता त्याने कोणी न सांगता दोन दाणे तोंडात टाकले. आजींनी पाहिले व न पाहिल्यासारखे केले; माझ्या मते त्या महिन्यातील सर्वोत्तम चिकित्सा तीच होती. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले व वहीत नऊ नवे पदार्थ नोंदले गेले. दुधी भोपळ्याच्या पानावर अजूनही रडका चेहरा आहे. तो तसाच राहण्यास कोणाची हरकत नसावी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

ही तक्रार पुष्कळदा आमच्याआधी आपल्या काउंटरवर येते. बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मुलाचे वजन शेवटचे केव्हा केले? दिवसाला दूध किती? रक्त तपासले आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर बाटलीऐवजी वैद्याचा वा डॉक्टरांचा पत्ता द्यावा. सायप्रोहेप्टाडिनयुक्त भूकवर्धक द्रव्ये मुळात अ‍ॅलर्जीविरोधी औषधे आहेत. झोपाळूपणा हा त्यांचा ज्ञात परिणाम आहे व औषध थांबताच भूक पूर्ववत होते. ती चिकित्सकाच्या देखरेखीविना बालकास देऊ नयेत. आपल्या आसवारिष्टांतही संधानजन्य मद्यांश व भरपूर गोडवा असतो; ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असे म्हणून ती बालकासाठी हाती ठेवू नयेत. घटकद्रव्ये न छापलेल्या भूकवर्धक पुड्या तर दुकानात असूच नयेत.

औषधाचे स्थान मी नाकारीत नाही. सामावस्थेत दीपन-पाचन, कृमींत विडंग, ज्वरानंतरच्या अरुचीत दाडिमाष्टक, मोठ्या मुलांस जेवणापूर्वी आले व सैंधव, यांचा अनुभव आपणा सर्वांस आहे. प्रश्न एवढाच आहे, की निदान होण्यापूर्वी बाटली उघडावी काय. बाटलीने मिळणारा नफा एकदाचा; पण ज्या दुकानदाराने ‘आधी रक्त तपासा’ असे सांगितले त्याच्याकडे ते घर पिढ्यान्‌पिढ्या येते, हा अनुभव आपणापैकी अनेकांस असेल.

पुढील वेळी ‘हा काही खातच नाही’ हे वाक्य कानी पडेल, तेव्हा औषधपत्राआधी वजनकाटा, वाढीचा तक्ता व डोळ्यांची आतील कड यांच्याकडे वळावे. तेथे रोग दिसला तर तत्परतेने चिकित्सा करावी. न दिसला तर औषधपत्रावर एवढेच लिहावे : मटकी मूठभर, फडके एक, वही एक, दररोज सकाळी मुलाने स्वतः पाहावे.